भातसेच्या काठी कोणी बसावं?

हौशी : यंदा तू आमच्याबरोबर ये. कोजागरी झाली की आमची मंडळी निघतात. पाऊस थांबलेला असतो, भाताला रंग चढलेला असतो, भातसेचं गढूळ पाणी निवळायला लागलेलं असतं. पावसाळ्यात खाचरांत चढलेली बारीक मासळी पाणी उतरताना नदीत परत येते आणि तिच्या मागावर मोठा मासा काठाला लागतो. पडघ्यावरून खडवलीच्या बाजूला उतरायचं, जुनी ओळखीची जागा धरायची आणि गळ टाकून बसायचं. आमच्यात एकाचे माग आहेत, एक मानकोलीच्या गोदामात हिशेब बघतो, एक शाळेत शिकवतो. भिवंडीत आम्ही भेटतो ते रस्त्यात, घाईत, ट्रकच्या रांगेत अडकून. नदीवर मात्र तासभर कोणी बोललं नाही तरी कोणाला अवघड वाटत नाही. मोरपिसाच्या दांडीचा तरंग पाण्यावर उभा असतो. चिलापी असली तर तो नुसता थरथरतो. रोहू असला तर आधी हळूच आडवा होतो, मग एकदम खाली जातो. शिंगटी त्याला तिरकं ओढत नेते. एवढं बघायला शिकायलाच काही वर्षं जातात. हे तू बघावंस, एवढंच माझं म्हणणं.

साशंक : मित्रांबरोबर नदीकाठी बसायला माझी ना नाही. मला खटकतं ते तुमच्या शांततेत एक जीव दोरीला टांगलेला असतो हे. बसायचंच तर गळाशिवाय बसा. मासा मुका आहे, म्हणून त्याला दुखत नाही असं आपण सोयीनं धरून चाललो. २००३ साली एडिंबरामध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे टाकीच्या तळाशी अंग हेलकावत राहिले, ओठ खडीवर घासत राहिले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. याला माणसाच्या अर्थानं वेदना म्हणायचं की नाही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. शंकेचा फायदा त्या माशाला मिळावा, मला मिळू नये, एवढंच मी म्हणतो. पोटासाठी मारणाऱ्याला मी हे सांगणार नाही. रविवार चांगला जावा म्हणून मारणाऱ्याला सांगेन.

हौशी : तू मासे खातोस. मंडईत मांडलेला बोंबील आणि पापलेट जाळ्यात गुदमरून, बर्फात पडून मेलेला असतो आणि त्याच जाळ्यात आलेलं बारीकसारीक, ज्याला भाव नाही असं कितीतरी मेलेलं असतं. ते मरण तू पाहिलेलं नसतं, म्हणून ते तुझ्या हिशेबात येत नाही. मी धरलेली मरळ माझ्या हातात असते. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर ती लवकर मरत नाही. ओल्या गोणपाटात टाकली तर तासन्‌तास जिवंत राहते. बाजारात हा तिचा गुण मानतात, ताजी म्हणून भाव येतो. आमच्यात नियम असा की धरली तर ताबडतोब डोक्यावर एक घाव घालून तिला मारायची, नाहीतर लगेच सोडायची. पहिल्यांदा घाव घालताना माझा हात कापत होता. ते कापणं योग्यच होतं असं मला आजही वाटतं. मासा खाणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा तरी अनुभवायला हवं.

साशंक : मारणाऱ्याचा हात कापला म्हणून मरणाऱ्याचं काही हलकं होत नाही. पण तुझ्या बोलण्यातलं एक मी मान्य करतो : खाणारा आणि मारणारा एकच असणं हे अधिक सरळ आहे. मग तुमच्यातले जे पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात, त्यांचं काय? ते स्वतःला तुझ्यापेक्षा दयाळू समजतात. मला ते उलटं वाटतं. खाण्यासाठी मारलं त्यात निदान एक कारण आहे. सोडण्यासाठीच पकडलं, तर त्या धडपडीला करमणुकीशिवाय दुसरं कारणच उरत नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्याच्या इराद्यानं मासा पकडायला कायद्याची आडकाठी आहे, ती याच विचारानं.

हौशी : आपल्या मिनेसोटातल्या मित्राला हे सांगून बघ. तो दर वर्षी पानं लाल व्हायला लागली की ऑफिसातल्या दोस्तांबरोबर उत्तरेकडच्या तळ्यावर वॉलआय धरायला जातो. त्या माशाच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, मांजराचा डोळा अंधारात चमकतो तसा तो चमकतो. म्हणून वॉलआय संधिप्रकाशात शिकार करतो. तळं गोठायच्या आधी भरपूर खाऊन घ्यायचं असतं, त्यामुळे शरद ऋतूत तो गळाला चांगला लागतो. तिथे परवाना काढावा लागतो, किती मासे ठेवायचे याला मर्यादा असते, किती लांबीचा ठेवायचा हे ठरलेलं असतं, मोजपट्टी लावून पाहावी लागते. म्हणजे सोडणं ही तिथे मनाची लहर नाही. काही लांबीचे मासे सोडावेच लागतात, कारण ते पुढची अंडी घालणार असतात. परवान्याचा पैसा मत्स्यखात्याकडे जातो. हौशी लोकांची एवढी मोठी जमात नसती, तर त्या तळ्यांची मोजदाद एवढ्या बारकाईनं झाली असती का, मला शंका आहे.

साशंक : तू तळ्याची अर्धीच गोष्ट सांगितलीस. मिनेसोटातलंच मिल लॅक्स हे तळं घे. वॉलआयसाठी ते नावाजलेलं आहे. तो मुलूख ओजिब्वे लोकांनी १८३७च्या तहानं अमेरिकेला दिला, पण तिथे शिकार आणि मासेमारी करायचा हक्क आपल्याकडे ठेवला. पुढे राज्य सरकारनं आपले नियम त्यांच्यावरही लादले. त्यांच्या जाळ्यांना आणि भाल्यांना हौशी गळवाल्यांचा कडवा विरोध होता. शेवटी १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तो हक्क अजून जिवंत आहे. त्यानंतर तिथले वॉलआय घटले. पाणी स्वच्छ आणि उबदार होत गेलं, परके शिंपले आले, अशी कारणं अभ्यासक देतात. तळ्याकाठी मात्र बोट आधी दाखवलं गेलं ते जाळ्यांकडे. २०१६ साली तर हौशींना तिथे एकही वॉलआय ठेवायला मनाई झाली. म्हणजे परवाना आणि मोजपट्टी आली तरी मूळ प्रश्न राहतोच : पाणी कोणाचं? पहिला हात कोणाचा? खडवलीला तुम्ही बसता, तेव्हा हा प्रश्न तुमच्यात कधी निघतो का?

हौशी : निघतो, पण तू म्हणतोस त्या शब्दांत नाही. आम्ही जिथे बसतो त्याच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे. गळाचं जे काही मला येतं, ते तिथल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलेलं आहे. पाण्यात दगडाखाली हात घालून तो वाम कुठे आहे ते सांगायचा. मरळीचं त्यानंच दाखवलं. पावसाळ्यात, कधीकधी नवरात्राच्या सुमारालाही, उथळ पाण्यावर तांबूस पिल्लांचा एक गोळा उकळल्यासारखा हलताना दिसतो. हवा घ्यायला पिल्लं सारखी वर येत असतात आणि त्यांच्या खाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. त्या गोळ्यात गळ टाकला तर मरळ हमखास लागते. ती भुकेनं येत नाही, पिल्लांवर काही चालून आलं असं वाटून तोंड मारते. म्हातारा म्हणाला, तिथे गळ टाकायचा नाही, आईबाप गेले की पिल्लं दुसरे मासे खाऊन संपवतात. आता यूट्यूबवर नेमकी हीच युक्ती शिकवणारे व्हिडिओ आहेत. आमच्या मंडळींत ती कोणी वापरत नाही. हे बंधन आम्हाला कोणत्याही खात्यानं घातलेलं नाही.

साशंक : म्हणजे ज्ञान त्याचं आणि छंद तुमचा. मला इथेच थांबावंसं वाटतं. कातकऱ्याला मासेमारी छंद म्हणून परवडत नाही. वीटभट्टीचं काम पावसात बंद असतं तेव्हा त्याच्या घरात शिजतं ते खेकडे, मासे, रानभाज्या. वलगणीला, पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात तेव्हा, तो धरतो ते तेवढ्यासाठीच. धरणांचं आणि तलावांचं पाणी मत्स्यखातं ठेक्यानं देतं. ठेका घेणारी संस्था कटला-रोहूचं बीज सोडते आणि मग त्याच काठी वाढलेला माणूस आपल्याच पाण्यात चोर ठरतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ साली आला. नदीच्या वरच्या अंगाचा शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, लहान पाणवठ्यांवर ग्रामसभेचा अधिकार कागदावर आहे. पण तू गाडीतून रॉड घेऊन उतरलास की कोणी हटकत नाही. तो पागाचं जाळं घेऊन उतरला की त्याला विचारलं जातं. तुमचं तिथे असणं कायदेशीर दिसतं, त्याचं बेकायदा. हा भेद तुम्ही तयार केलेला नाही, पण तो तुमच्या सोयीचा आहे.

हौशी : सोयीचा आहे, हे खरं. तरीही वलगणीचं तू असं सोडून देऊ नकोस. अंड्यांनी भरलेली मासळी चढणीला धरली तर नुकसान मोठं होतं, हे वाडीतले जाणते लोकही सांगतात. पूर्वी काही सोडली जायची. आता पडघ्या-वाशिंदपासून माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन येतात आणि ओढ्याला आडवं जाळं लावून सगळं उपसून नेतात, विकायला. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, नाक्यावरच्या पोरालाही ते माहीत असतं. ओढ्याच्या माशालाही तसाच काळ हवा, हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि ब्लिचिंग पावडर टाकून, बार उडवून मासे मारणं? विषानं आणि स्फोटानं मासे मारण्यावर १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. डोहात पावडर पडली की शिवड्यापासून बोटभर कोळशीपर्यंत सगळं पांढरं पोट वर करून तरंगतं. हे मी पाहिलं आहे. गळाला लागलेल्या माशापुढे हे उभं कर आणि मग ठरव, राग कोणावर काढायचा.

साशंक : दुसऱ्याचं पाप मोठं आहे म्हणून आपलं लहान ते पुण्य होत नाही.

हौशी : पुण्य मी मागत नाही. माझा दावा वेगळा आहे. पाण्यात काय कमी झालं हे ज्याला हवं असतं त्यालाच कळतं. कावेरीचं उदाहरण घे. तिथे गळवाल्यांच्या छावण्या होत्या, पकडून सोडायची पद्धत होती, प्रत्येक महसीर मोजून वहीत नोंदवला जायचा. गालिबोरच्या छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांचा महसीर वाढतो आहे आणि कुबड असलेला मोठा महसीर नाहीसा होतो आहे. कुबडवाल्याला तोवर धड शास्त्रीय नावही मिळालेलं नव्हतं. ते २०१८ साली ठरलं आणि त्याच सुमाराला तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. गळवाल्यांच्या वह्या नसत्या तर तो गेला हे कळायलाही किती वर्षं लागली असती.

साशंक : आणि निळ्या परांचा महसीर तिथे आला कुठून? आपल्या लोणावळ्याहून. वळवणला टाटांचं महसीर-पैदास केंद्र १९७०च्या दशकापासून आहे. तिथली पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. त्यामागे महसीर वाढावा ही चांगली इच्छा होती आणि गळाला मासा लागत राहावा ही इच्छाही होती. ज्या छंदानं रोग टिपला, त्याच छंदासाठी औषध म्हणून जे पाण्यात घातलं, त्यानं रोग वाढवला. तू ज्या चिलापीनं तरंग थरथरतो म्हणालास, ती तरी कुठली? आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली, आता प्रत्येक तळ्यात आहे. थाई मांगूरवर बंदी येऊन वीसहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याची तळी उकरून नष्ट करावी लागली. पाण्याकडे बघणाऱ्याला त्यात आपल्याला हवं तेच दिसतं, ही माझी भीती आहे. तुला मासा हवा, म्हणून तुला मासा दिसतो. पाणी दिसतं की नाही, हे मला ठाऊक नाही.

हौशी : कावेरीच्या बाबतीत तू बरोबर आहेस. त्या गोष्टीचा हा भाग मी सोडून दिला, तो सोडायला नको होता. पण मग मला सांग, ज्याला मासा नको त्याला तरी पाणी दिसतं का? आपली कामवारी घे. भिवंडीतून ती वाहते, खाडीला मिळते. डाईंग-सायझिंगचं पाणी, गटारांचं पाणी, सगळं तिच्यात. पुलावरून रोज हजारो माणसं जातात. नाकाला रुमाल लावतात आणि पुढे जातात. माझे आजोबा तिच्यात गरी टाकत. भरतीबरोबर बोईट वर यायची, कधी जिताडा लागायचा. नदी गेली याचं दुःख घरात त्यांना होतं, कारण त्यांच्या ताटातून काहीतरी गेलं होतं. ज्यांच्या ताटातून काहीच गेलं नाही त्यांना नाला आणि नदी सारखीच.

साशंक : मग आज तू कामवारी ओलांडून खडवलीला जातोस. तुझ्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच. आजोबांची नदी मेली, नातवानं गाडी काढली आणि वीसेक किलोमीटरवरची दुसरी शोधली. तीही जिवंत का आहे? धरणातून पाणी सोडतात आणि पुढे पिसे इथे मुंबईसाठी उचलतात, म्हणून उन्हाळ्यातही तिला धार असते. मुंबईला पाणी हवं म्हणून तुला मासा मिळतो. उद्या भातसा बिघडली तर आणखी वर जाशील, तानसेला, वैतरणेला. छंदाला चाकं असतात. वाडीला नसतात. मासा हवा असण्यातून आस्था येते असं तू म्हणतोस. मला दिसतं ते असं, की त्यातून चांगल्या जागेचा शोध येतो.

हौशी : (बऱ्याच वेळानं) याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कामवारीबद्दल आम्ही एकदा सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं. पुढे काही झालं नाही आणि आम्हीही पाठपुरावा केला नाही. पण तू गळ काढून घेतलास तर आस्था वाढेल, हे मला अजून पटत नाही.

साशंक : वाडा तालुक्यात तिळसेला जा. वैतरणेच्या पात्रात, तिळसेश्वराच्या देवळापाशी मासे आहेत, देवाचे म्हणून कोणी धरत नाही. महाडजवळ वाळण कोंडीचा डोह आहे, तिथे वरदायिनी देवीचा महसीर गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. ना गळ, ना परवाना, ना वही. ज्या माशाला कोणी हात लावत नाही, त्याच्यासाठी गाव उभं राहतं. मासा हवा असल्याशिवाय पाण्याची माया येत नाही, हे तुझं म्हणणं आपल्याच मुलखात खोटं ठरलेलं आहे.

हौशी : तिळसेला मी गेलो आहे. लोक कुरमुरे टाकतात, मासे अंगावर अंग घालून वर येतात, बघताना भरून येतं. पण डोहाची हद्द संपली की संरक्षणही संपतं. जो माणूस तिथे हात जोडतो तोच खालच्या वळणावर जाळं लावतो, त्याला त्यात विसंगती वाटत नाही, कारण तो देवाचा मासा आणि हा साधा. मला साध्या माशाची काळजी आहे. अंगावर कोणाचं नाव नसलेल्या शिंगटीची. तिच्यासाठी कुठलं गाव उभं राहिलं आहे? आणि डोहातल्या माशाला कुरमुऱ्यांवर वाढवणाऱ्याला तो कधी चढणीला लागतो, अंडी कुठे घालतो, बंधाऱ्याला थडकून कुठे अडतो, हे माहीत असतंच असं नाही. हे मला म्हाताऱ्याकडून कळलं, आणि मी गळ घेऊन गेलो नसतो तर तो माझ्याशी त्यावर बोललाच नसता. आमच्यात बोलायला विषयच तो होता.

साशंक : हे मात्र मला नवीन आहे. म्हणजे गळानं तुला मासा दिला त्यापेक्षा त्या माणसापर्यंत नेलं, हे जास्त मोठं. मग माझा आक्षेप मी जरा वेगळा मांडतो. गळानं दुखतं की नाही, सोडणं बरं की खाणं बरं, यावर आपण कितीही बोललो तरी ते तुझ्या-माझ्या मनाच्या स्वच्छतेपुरतं राहतं. खरी कसोटी दुसरीकडे आहे. छंदाला ‘नाही’ ऐकता येतं का? समज, पुढच्या वर्षी वाडीतले लोक म्हणाले : पाऊस कमी झाला आहे, नदीत मासळी कमी आहे, जी आहे ती आम्हाला लागेल, यंदा गळ आणू नका. त्यांच्या हातात कागद नाही, ठेका नाही, शिक्का नाही. तुम्ही ऐकाल?

हौशी : मी ऐकेन. शाळेतला मित्र ऐकेल. ज्याचे माग आहेत तो म्हणेल, नदी सरकारची, यांनी कोण सांगावं. आणि त्याच्याशी भांडायला मी तयार आहे का, हे मला आत्ता खरंच सांगता येत नाही, कारण वर्षातला तो एकच दिवस आम्ही सगळे एकत्र असतो.

साशंक : आणि ऐकलंत, तर त्या वर्षी कोजागरीनंतर गळाशिवाय नदीवर जाल?

हौशी : जायला हवं, असं तू बोलायला लागल्यापासून वाटतं आहे. पण गळ नसताना म्हातारा माझ्याशी काय बोलेल आणि मी त्याला काय विचारीन, ते मला सुचत नाही. तू ये. निदान एकजण तरी तिथे काही न पकडता बसलेला असेल, आणि त्याला काय दिसतं ते मला बघायचं आहे.

साशंक : येतो. पण आधी मला वाडीत घेऊन चल. नदीवर नंतर जाऊ.